‘चांगले केस’ : एका विशेषणाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेच्या कथेचे भाषांतर करीत असताना ‘गुड हेअर’ हा दोन शब्दांचा साधा प्रयोग समोर आला. एक आजी आपल्या दोन नातींची तुलना करीत होती आणि त्यांपैकी एकीला ‘गुड हेअर’ लाभले आहेत असे समाधानाने म्हणत होती. मी ‘सुंदर केस’ असे लिहिले आणि पुढच्या वाक्याकडे वळले. भाषांतर छापून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी ध्यानात आले की, त्या आजीने सौंदर्याविषयी काही म्हटलेच नव्हते. तिने वंशावळ सांगितली होती. तिच्या समाजात ‘चांगले केस’ म्हणजे सरळ, किंवा निदान सैल वळणाचे, फणीला अडथळा न करणारे केस. पूर्वी कधीतरी मिसळलेल्या, आणि बहुधा बळजबरीने मिसळलेल्या, गोऱ्या रक्ताची साक्ष देणारे केस. आजीच्या समाधानात एका पिढीचा अपमान आणि पुढच्या पिढीच्या सुरक्षिततेची आशा ह्या दोन्ही गोष्टी होत्या. माझ्या ‘सुंदर’ने त्या दोन्ही पुसून टाकल्या.

मराठी वाचकाला ह्या शब्दातील दंश सहजासहजी जाणवत नाही, ह्याचे कारण आपल्या भाषेत आहे. ‘कुरळे’ हा शब्द आपण लाडाने उच्चारतो. संस्कृत काव्यात कुंतल कुटिल असतात, आणि ती कुटिलता निंदेची नव्हे तर कौतुकाची गोष्ट असते. केसांवरून स्त्रीची परीक्षा आपल्याकडे होत नाही असे मुळीच नव्हे. परंतु ती लांबी, दाटी आणि काळेपणा ह्यांवरून होते. वळणावरून मनुष्याचे माणूसपण ठरविण्याचा प्रकार आपल्याला अपरिचित आहे. त्या कामाची आपली साधने वेगळी आहेत. म्हणून ‘चांगले’ ह्या एका विशेषणाचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते. त्याच्या जोडीला दुसरे एक विशेषण येते, ते म्हणजे ‘नैसर्गिक’. वरवर पाहता ते पहिल्याचे उत्तर वाटते. पण ते कितपत उत्तर आहे ह्याविषयी मला शंका आहे.

प्रारंभ अर्थात आफ्रिकेपासून करावयास हवा. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांत ‘ओरी’ म्हणजे मस्तक हे मनुष्याच्या प्रारब्धाचे स्थान मानले जाते, आणि म्हणून मस्तकावर हात चालविणारी स्त्री ही केवळ कारागीर नसते. कडेच्या साऱ्या वेण्या माथ्यावर नेऊन तेथे त्यांचा उंच जुडा उभा करावयाचा ही त्यांची ‘सुकू’ नावाची रचना आजही प्रचारात आहे. सिएरा लिओनमधील मेंडे समाजाच्या सौंदर्यकल्पनांचा सिल्व्हिया बून ह्यांनी जो अभ्यास केला (त्यांचा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला) त्यावरून असे दिसते की, तेथे स्त्रीचे केस दाट असावेत आणि ते नीट बांधलेले असावेत अशी अपेक्षा असे. मोकळे विस्कटलेले केस हे वेडाचे किंवा बदफैलीपणाचे लक्षण समजले जाई. नायजेरियातील छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेईकेरे ह्यांनी १९६८ पासून पुढे कित्येक वर्षे आपल्या देशातील स्त्रियांच्या केशरचना टिपल्या. मानेमागून घेतलेल्या त्या कृष्णधवल चित्रांकडे पाहताना आपण शिल्प पाहात आहोत की वास्तुरचना असा संभ्रम पडतो. मुद्दा असा की, अटलांटिक महासागर ओलांडण्यापूर्वी हे केस ‘नैसर्गिक’ नव्हते. ते संस्कारित होते. विंचरणे, तेल लावणे, दोऱ्याने गुंडाळणे, वेणीचे पेड मोजणे ह्या सर्व क्रियांनी त्यांना अर्थ आलेला होता.

गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांची डोकी जहाजावर चढविण्यापूर्वी अनेकदा भादरली जात. कारण स्वच्छतेचे सांगितले जाई. पण जिथे केसांवरून मनुष्याचे कूळ आणि वय वाचले जाते तिथे ते भादरणे म्हणजे नाव खोडून टाकणेच होय. पलीकडच्या किनाऱ्यावर केस पुन्हा वाढले, तेव्हा त्यांना ‘केस’ हे नाव मिळाले नाही. मळेवाल्यांच्या बोलण्यात आणि पळून गेलेल्या गुलामांविषयीच्या जाहिरातींत त्यांना लोकर म्हटलेले आढळते. ऑर्लँडो पॅटरसन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९८२ च्या आपल्या गुलामगिरीविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, अमेरिका खंडात दास्याचे खरे प्रतीक म्हणून कातडीच्या रंगापेक्षाही केसांचा पोत अधिक प्रभावी ठरला. हे विधान प्रथम वाचताना अतिशयोक्त वाटते. परंतु उन्हाने गोरा मनुष्य काळवंडतो आणि संकराने काळा मनुष्य उजळतो. केसांचे वळण मात्र पिढ्यान्पिढ्या चुगली करीत राहते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यातील तथ्य पटू लागते.

लोकर हे नाव पडल्यावर हत्यारही लोकरीचेच मिळाले. १९३६ ते १९३८ ह्या काळात अमेरिकन सरकारच्या एका योजनेखाली, गुलामगिरीत जन्मलेल्या आणि त्या वेळी हयात असलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या. त्यांत केस विंचरण्यासाठी मेंढीची लोकर पिंजण्याची तारेची फणी वापरल्याचा उल्लेख येतो. आफ्रिकेतील रुंद दातांची फणी ह्या लोकांबरोबर आलेली नव्हती. शेतावरच्या आठवड्यात केसांकडे पाहावयास सवड नसे. तेव्हा ते दोऱ्यांनी गुंडाळून वर फडके बांधावयाचे, आणि रविवारी प्रार्थनेला जाताना सोडावयाचे, अशी रीत त्या आठवणींत सांगितली आहे. दोऱ्याने केस गुंडाळण्याची ही पद्धत पश्चिम आफ्रिकेतही होतीच. भाषा गेली, नावे गेली, देव गेले. बोटांना मात्र ते काम आठवत राहिले.

ह्या काळातील सर्वांत बोलका पुरावा हॅरिएट जेकब्ज ह्यांच्या १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सापडतो. ज्याला त्या डॉ. फ्लिंट असे टोपणनाव देतात त्या मालकाच्या वासनेला त्यांनी वर्षानुवर्षे दाद दिली नाही. त्या दुसऱ्यांदा आई होणार हे कळताच तो संतापून घराबाहेर धावला आणि कातरी घेऊन परतला. त्यांचे केस सुरेख होते आणि ते नीटनेटके बांधण्याचा त्यांना अभिमान आहे ह्यावरून तो पूर्वीही त्यांना टोचून बोलत असे. त्याने ते मुळापासून कापले. इथे केसांचा पोत हा प्रश्नच नव्हता. हे केस ‘चांगले’ होते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ते कातरीखाली गेले. जे सहन होत नव्हते ते त्यांच्यामागचे स्त्रीचे मन. मराठी वाचकाला ह्या प्रसंगी विधवांच्या केशवपनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दोहोंची जात वेगळी आहे: केशवपनाला शास्त्राची संमती आणि साऱ्या आप्तांची उपस्थिती लागे, तर इथे एका पुरुषाचा राग पुरेसा होता. पण जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केले, तेव्हा दोन दास्यांना शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे होती, एवढे इथे नमूद करावेसे वाटते.

गुलाम नसलेल्या स्त्रीची स्थिती काय होती ते पाहू. १७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना गव्हर्नर एस्तेबान मिरो ह्याने न्यू ऑर्लीन्स शहरासाठी एक फर्मान काढले. स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्त्रियांनी केसांत पिसे अथवा दागिने घालू नयेत आणि डोक्यास रुमाल बांधावा, असा त्याचा आशय होता. ह्या स्त्रियांच्या थाटामुळे गोऱ्या स्त्रिया आणि त्या ह्यांतील अंतर दिसेनासे होत चालले होते, आणि ते अंतर पुन्हा दिसावे हा हेतू. गंमत अशी की, त्या स्त्रियांनी आज्ञा पाळली. रुमाल बांधले, पण ते उंची कापडाचे, झगझगीत रंगांचे, आणि अशा गाठींनी बांधलेले की दासीपणाची खूण म्हणून योजलेली वस्तू शहराची शोभा होऊन बसली. फर्मानाने केस झाकले गेले, परंतु केसांविषयीची कला कापडावर गेली. हा प्रसंग अलीकडे फार वेळा आणि फार आनंदाने सांगितला जातो. तो खरा आहे. तथापि हुकूम हुकूमच होता हे त्या आनंदात विसरता कामा नये.

दास्यमुक्तीनंतरचा काळ हा ‘चांगले केस’ ह्या शब्दाच्या खऱ्या राज्याचा काळ. त्याच्या मध्यभागी एक विलक्षण स्त्री उभी आहे. सेरा ब्रीडलव्ह ह्यांचा जन्म १८६७ साली लुइझियानातील डेल्टा ह्या गावी, नुकत्याच मुक्त झालेल्या आईबापांच्या पोटी झाला. सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या. सेंट लुइस शहरात त्यांनी पुष्कळ वर्षे लोकांचे कपडे धुतले. केस गळू लागले म्हणून उपाय शोधता शोधता त्या ॲनी टर्नबो (पुढे मॅलोन) ह्यांच्या औषधांच्या विक्रेत्या झाल्या, १९०५ साली डेन्व्हरला गेल्या, चार्ल्स जोसेफ वॉकर ह्यांच्याशी विवाह झाल्यावर ‘मॅडम सी. जे. वॉकर’ हे नाव त्यांनी घेतले आणि त्याच नावाने स्वतःचा व्यवसाय थाटला. १९१९ साली त्या वारल्या तेव्हा देशातील अत्यंत धनाढ्य कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होत होती.

वॉकरबाईंविषयी आपल्याकडील समीक्षक लिहितील तर काय लिहितील ह्याची मला कल्पना आहे. गोऱ्यांच्या अनुकरणाचा व्यापार करून संपत्ती मिळविलेली स्त्री, असे एक वाक्य पुरेसे होईल. हे वाक्य तेथेही लिहिले गेले आहे. परंतु वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. तापविलेल्या धातूच्या फणीचा शोध त्यांनी लावला ही समजूत चुकीची आहे. ती फणी पूर्वीपासून होती, त्यांनी आपल्या पद्धतीत तिचा समावेश केला. आपण केस सरळ करतो ह्या आरोपाचा त्यांनी स्वतः जाहीर इन्कार केला आणि आपण केस वाढवितो असे सांगितले. त्यांच्या काळी नळाचे पाणी नसलेल्या घरांत न्हाणे क्वचितच होई, टाळूचे रोग सर्रास असत आणि स्त्रिया तरुणपणी टकल्या होत. त्या रोगांवर इलाज करणे हा त्यांच्या धंद्याचा पाया होता. १९१२ साली बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांच्या व्यापारी परिषदेत त्यांना बोलू देण्यात येईना, तेव्हा त्या जागेवर उठून उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबाकडे, टबाकडून स्वयंपाकघराकडे आणि तेथून स्वतःच्या बळावर व्यवसायाकडे आलेल्या आपल्या प्रवासाची हकीकत सांगून मोकळ्या झाल्या. पुढच्या वर्षी त्याच परिषदेत त्यांना सन्मानाने बोलाविण्यात आले. १९१७ साली फिलाडेल्फियात त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचा मेळावा भरला. त्या मेळाव्याने अध्यक्ष विल्सन ह्यांना तार पाठविली, ती तेलाविषयी नव्हे. झुंडीने माणसे मारण्याच्या प्रकारांना कायद्याने आळा घालावा अशी तीत मागणी होती.

ह्या धंद्यावर टीका करणारेही त्याच समाजात होते. नॅनी हेलन बरोज ह्यांनी १९०४ सालीच एका लेखात त्वचा उजळविणाऱ्या आणि केस सरळ करणाऱ्या आपल्या भगिनींना खडे बोल सुनावले होते. बदलावयाचे असेल तर रंग नव्हे, शील बदलावे, असा त्यांचा रोख होता. बरोज ह्यांच्या बाजूला नीतीचे बळ आहे हे मी मान्य करते. परंतु ज्या धुणेवालीला उद्या सकाळी गोऱ्या बाईच्या दारात उभे राहावयाचे आहे, तिला शीलाचा उपदेश आणि फणी ह्यांतून निवड करावयास सांगणे सोपे आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. शिवाय केशकर्तनालयांचा, म्हणजे स्त्रियांच्या ‘ब्यूटी पार्लर’चा, पुढचा इतिहास तरी निव्वळ अनुकरणाचा नाही. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शिक्षिकेची नोकरी गोऱ्यांच्या हाती असे. केशरचना करणाऱ्या स्त्रीचे गिऱ्हाईक मात्र तिच्याच समाजातले असे, म्हणून तिला कोणी कामावरून काढू शकत नसे. १९५७ च्या जानेवारीत दक्षिण कॅरोलिनातील जॉन्स बेटावर, मतदानासाठी आवश्यक असलेली साक्षरता प्रौढांना शिकविण्याची पहिली नागरिकत्व-शाळा सुरू झाली. तिची शिक्षिका बर्नीस रॉबिन्सन ह्या चार्ल्सटन शहरात केस विंचरण्याचा व्यवसाय करीत होत्या. तापल्या फणीचा चटका आणि मतदाराची यादी एकाच खोलीत नांदू शकत होती. इतिहासाची ही विसंगती मला पुस्तकी सुसंगतीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

वाङ्मयात ह्या विशेषणाची जी झाडाझडती झाली ती निबंधांहून सूक्ष्म आहे. झोरा नील हर्स्टन ह्यांच्या १९३७ च्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ह्या कादंबरीची नायिका जेनी हिचे केस लांब आणि जड आहेत. तिच्या वेणीच्या टोकाला दुसऱ्या पुरुषाचा हात लागताना नवरा पाहतो आणि त्या दिवसापासून दुकानात असताना तिने केस रुमालाने बांधावेत असा दंडक घालतो. तो मरतो तेव्हा लोकांना हाक मारण्यापूर्वी ती आरशापुढे जाऊन रुमाल ओढून काढते, केस पाहते, आणि पुन्हा बांधून मग खिडकी उघडते. पुढे ती ते सारे रुमाल जाळते. मिरोच्या फर्मानाचे हे घरगुती प्रतिरूप आहे. पण मला ह्या कादंबरीत एक सल जाणवतो. जेनीचे केस ‘चांगले’ आहेत. मिश्र रक्ताने आलेले आहेत. त्याच कादंबरीत मिसेस टर्नर नावाची एक बाई ह्या केसांपुढे आणि उजळ रंगापुढे अक्षरशः पूजाभाव धरते, आणि हर्स्टन तिची यथेच्छ टवाळी करतात. तरीही जेनीने केस मोकळे सोडले की वाचकाला जो आनंद होतो, त्यात थोडी मिसेस टर्नर असतेच. आखूड, घट्ट वळणाचे केस असलेली नायिका रुमाल जाळून केस मोकळे सोडती, तर ते गाव कसे पाहते? हा प्रश्न हर्स्टन ह्यांनी विचारलेला नाही.

तो प्रश्न चाळीस वर्षांनी टोनी मॉरिसन ह्यांनी विचारला. मधल्या काळात ग्वेंडोलिन ब्रूक्स ह्यांच्या ‘मॉड मार्था’ (१९५३) मध्ये केशकर्तनालयातील एक लहानसा प्रसंग आला आहे. तेथे सौंदर्यप्रसाधने विकावयास आलेली गोरी बाई बोलता बोलता एक अपशब्द वापरून जाते, दुकानाची मालकीण काही बोलत नाही आणि नायिका आपण ऐकलेच नाही असे स्वतःला पटवू पाहते. मॉरिसन ह्यांच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७) मधील हेगारला असे पटविता येत नाही. प्रियकराला आपले केस आवडत नाहीत, त्याला रेशमी केस हवेत, ह्या एकाच विचाराने ती झपाटते. कपडे, प्रसाधने खरेदी करीत, केस करवून घेत ती शहरभर धावते. पावसात सारे भिजून विरघळून जाते आणि ती तापाने मरते. तिची आजी तिला समजावीत राहते की हेच केस तर त्याच्याही देहावर उगवतात, मग ते त्याला नावडते कसे असतील? कादंबरीतील साऱ्या तत्त्वचर्चेपेक्षा हा प्रश्न मला मोठा वाटतो. वैऱ्याने दिलेले विशेषण प्रियकराच्या तोंडून येते तेव्हा त्याला उत्तर उरत नाही.

१९६० नंतरच्या दशकात हे केस न दाबता, न भाजता, गोलाकार वाढविण्याची ‘आफ्रो’ पद्धत आली. काळा रंग सुंदर आहे ही घोषणा आणि ही केशरचना एकमेकींबरोबर वाढल्या. नीना सिमोन ह्यांच्या १९६६ च्या ‘फोर विमेन’ ह्या गीतात चार स्त्रिया रंग आणि केस सांगून आपली ओळख करून देतात, आणि पहिली स्त्री लोकरीचे ते जुनेच विशेषण निःसंकोचपणे स्वतःला लावते. परंतु लवकरच हेही चिन्ह पोलिसांच्या हाती गेले. १९७० साली अँजेला डेव्हिस ह्यांचे नाव केंद्रीय तपासयंत्रणेच्या ‘पाहिजे आहेत’ यादीत आले आणि त्यांचे छायाचित्र देशभर लागले. तशी केशरचना असलेल्या अनेक निरपराध स्त्रियांना त्या काळी अडविण्यात आले. डेव्हिस ह्यांनी १९९४ साली लिहिलेल्या एका निबंधात खेदाने म्हटले आहे की, पुढच्या पिढीला आपण एक केशरचना म्हणून आठवतो. मुक्तीच्या राजकारणाची एक फॅशन झाली. केसांना अर्थ देणे आपल्या हाती असते. तो अर्थ कोठे जाऊन थांबावा हे आपल्या हाती नसते.

अमेरिकेत ही परीक्षा समाज घेत होता. दक्षिण आफ्रिकेत ती राज्यानेच हाती घेतली. १९५० च्या लोकसंख्या-नोंदणी कायद्याने प्रत्येक मनुष्याचा वंश ठरविणे आवश्यक केले, आणि संशयाच्या प्रसंगी केसांत पेन्सिल खोवून पाहण्याची पद्धत अधिकाऱ्यांनी अवलंबिली. पेन्सिल खाली पडली तर मनुष्य गोरा ठरण्याचा संभव. अडकली तर नाही. एकाच घरातील भावंडे अशा परीक्षेने वेगळ्या वंशांत गेली. तो कायदा १९९१ साली रद्द झाला. तरी २०१६ च्या ऑगस्टमध्ये प्रिटोरियातील मुलींच्या एका जुन्या नामांकित सरकारी शाळेत विद्यार्थिनींना आपल्या केसांसाठी निदर्शने करावी लागली. पेन्सिल गेली होती, नीटनेटकेपणाचा नियम उरला होता.

आता ‘नैसर्गिक’ ह्या दुसऱ्या विशेषणाकडे वळू. त्याची खरी परीक्षा कवितेत नव्हे तर न्यायालयात झाली. १९७६ साली अमेरिकेतील सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, ‘आफ्रो’मुळे बढती नाकारली गेल्याची एका स्त्रीची तक्रार वंशभेदाची तक्रार म्हणून ग्राह्य धरली. हा विजय होता. पण पाच वर्षांनी त्याचीच दुसरी बाजू दिसली. अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानतळावरील एका कर्मचारी स्त्रीने डोक्यावर सर्वत्र बारीक वेण्या घातल्या. कंपनीने हरकत घेतली आणि कामाच्या वेळी वेण्यांवर दुसरे केस लावून त्या झाकाव्यात असे सुचविले. १९८१ साली न्यूयॉर्कमधील जिल्हा न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कारण असे की ‘आफ्रो’ निसर्गतः उगवतो, वेणी मात्र हाताने घातलेली असते, आणि जे हाताने केले ते बदलता येते. शिवाय १९७९ च्या एका चित्रपटात बो डेरेक ह्या गोऱ्या नटीने अशा वेण्या घातल्यानंतर ह्या बाईंनी त्या घातल्या, ह्याचीही नोंद निकालात आहे. योरुबा स्त्रियांनी शतकानुशतके जपलेली विद्या एका चित्रपटाच्या खात्यावर जमा झाली!

न्यायमूर्तींची ही विभागणी हास्यास्पद म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असते. कृष्णवर्णीय स्त्रीचे केस जसे उगवतात तसे ठेवले तर ती प्रामाणिक, सरळ केले तर ती दास्यवृत्तीची: ह्या प्रगतिशील निवाड्यातही निसर्ग आणि कृत्रिमता ह्यांची तीच रेघ आहे. कोबेना मर्सर ह्यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की ‘आफ्रो’ हाही घडविलेलाच असतो, तो कापावा, विंचरावा, आकारात आणावा लागतो. आणि सरळ केलेल्या केसांतही अनुकरणापलीकडची नवनिर्मिती असते. मला हे मत मान्य आहे, फक्त त्यात देहाला होणाऱ्या इजेचा हिशेब पुरेसा नाही. दाहक सोड्याने टाळू भाजते हे काही रूपक नव्हे. आणि २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. अनुकरणाचा आरोप मी खोडून काढीन. पण ज्या नोकरीसाठी हे रसायन डोक्यावर घ्यावे लागते तिचा जाब विचारल्यावाचून नव्हे.

न्यायालयांची भूमिका फार काळ बदलली नाही. २०१६ साली अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, जटा कापण्यास नकार दिल्यामुळे अलाबामातील मोबील येथे नोकरी गमावलेल्या स्त्रीविरुद्ध त्याच तर्काने निकाल दिला. (जटा हा शब्द मी नाइलाजाने वापरला आहे. मराठीत त्याला एकीकडे तापसाची आणि दुसरीकडे देवीला सोडलेल्या मुलीच्या डोक्यातील जटेची छाया आहे. मूळ शब्दात ह्यांपैकी काहीच नाही.) शेवटी विधिमंडळे पुढे आली. ३ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्निया राज्यात ‘क्राउन’ कायद्यावर स्वाक्षरी झाली. वंश ह्या शब्दाच्या व्याख्येत केसांचा पोत आणि वेण्या, जटा, पीळ ह्यांसारख्या रचना त्याने समाविष्ट केल्या. म्हणजे हाताने घातलेली वेणी ही वंशाच्या इतिहासाचाच भाग आहे हे प्रथमच कायद्याने म्हटले. इतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. देशव्यापी विधेयक २०२२ साली प्रतिनिधीगृहात संमत झाले, परंतु सिनेटमध्ये अडले. त्या कायद्याच्या पूर्ण नावात मात्र ‘नैसर्गिक केस’ हे शब्द तसेच राहिले आहेत. कायद्याने रेघ पुसली, शीर्षकाने जपली.

ह्या कथेत भारतही आहे, आणि तो आपल्याला सोयीचा वाटेल अशा जागी नाही. तिरुमला येथे भाविकांनी नवसापोटी अर्पण केलेले केस देवस्थान लिलावाने विकते, आणि ते परदेशी बाजारात टोपांसाठी आणि जोडकेसांसाठी जातात. ख्रिस रॉक ह्या विनोदी नटाने, मुलीने आपले केस ‘चांगले’ का नाहीत असे विचारल्यावरून, २००९ साली ‘गुड हेअर’ नावाचा माहितीपट केला. त्यात तो तिरुमलापर्यंत येऊन पोहोचतो. अहंकार सोडण्यासाठी एका स्त्रीने उतरविलेले केस दुसरीच्या डोक्यावर ‘चांगले केस’ म्हणून विणले जातात. दोघींपैकी कोणालाही दुसरीचे नाव ठाऊक नसते. आपल्या लांब, सरळ केसांना त्या बाजारात जी किंमत येते, ती काही आपल्या सौंदर्यदृष्टीचा गौरव नव्हे.

चिमामांडा न्गोझी अदिची ह्यांची ‘अमेरिकाना’ (२०१३) ही कादंबरी केसांपासूनच सुरू होते. प्रिन्स्टनमध्ये वेणी घालून देणारे कोणी नाही म्हणून नायिका इफेमेलू आगगाडीने ट्रेंटनला जाते, आणि कादंबरीचा बराचसा भाग तिच्या मागे एक सेनेगाली स्त्री वेण्या घालीत असताना आठवणींतून उलगडतो. पूर्वी नोकरीच्या मुलाखतीसाठी तिने केस सरळ करून घेतलेले असतात, टाळू भाजलेली असते, केस गळलेले असतात. आता तिचे केस जसे आहेत तसे आहेत, आणि वेणी घालणारी ती आफ्रिकन बाईच तिला विचारते की हे सरळ का करून घेत नाहीस, विंचरावयास किती कठीण. ह्या प्रसंगात अदिची ह्यांनी कोणाचीही बाजू घेतलेली नाही. ज्या बोटांत विद्या आहे त्याच बोटांची मालकीण थकलेली आहे, एवढेच त्या दाखवितात. डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्यांना अमेरिकेत मक्याच्या ओळींवरून नाव पडले, कॅरिबियन बेटांवर उसाच्या ओळींवरून. ज्या शेतांत राबले त्या शेतांची नावे केसांना आली. मराठीत मी त्यांना ‘सरीवेणी’ म्हणून पाहिले. उसाच्या सऱ्या आपल्याला परक्या नाहीत.

त्या जुन्या भाषांतराची दुरुस्त आवृत्ती निघण्याचा योग आला तेव्हा मी आजीच्या तोंडचे ‘सुंदर’ खोडून ‘चांगले’ लिहिले. संपादकांनी एक तळटीप द्यावी असे सुचविले. ती लिहावयास बसले, तिचाच हा लेख झाला.